होळकरांचा वारसा, मध्य प्रदेशचा करंडक : इंदूरच्या ६९ वर्षांच्या प्रतीक्षेची कहाणी

२६ जून २०२२ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने बलाढ्य मुंबईला ६ गडी राखून नमविले आणि रणजी करंडक पटकाविला. नोंदवहीप्रमाणे मध्य प्रदेशाचे हे पहिलेच अजिंक्यपद. इंदूरचे जुने क्रिकेटरसिक मात्र हा हिशेब निराळ्या रीतीने मांडतात. हा करंडक त्यांच्या शहरात यापूर्वी चार वेळा आला होता. तेव्हा संघाचे नाव ‘होळकर’ असे होते. १९५२-५३ च्या हंगामातील त्या शेवटच्या विजेतेपदानंतर करंडक परत यावयास ६९ वर्षे लागली. वैभवाच्या शिखरावर असलेला संघ दिसेनासा का झाला आणि पुन्हा उभा कसा राहिला, हे समजून घेण्यासारखे आहे.

राजाश्रयाचे दिवस

इंदूरच्या क्रिकेटचा पाया होळकर दरबाराने घातला. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या सी. के. नायडू यांना इंदुरास बोलावून संस्थानच्या सैन्यात अधिकारपद दिले. पुढे १९३२ मध्ये हेच नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार ठरले. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी हा आश्रय चालू ठेवला. क्रिकेटवर पोट भरण्याची सोय नसलेल्या त्या काळात संस्थानची नोकरी ही खेळाडूस मोठीच शाश्वती होती.

नायडूंच्या भोवती जमलेला संघ असामान्य होता. १९३६ मध्ये मँचेस्टर येथे ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक झळकाविणारे पहिले भारतीय ठरलेले मुश्ताक अली हे तर इंदूरचेच सुपुत्र. त्यांच्या जोडीला चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड आणि यष्टिरक्षक भांडारकर होते. ही नावे वाचली, तरी मराठी मुलखाशी या संघाचे नाते किती घट्ट होते, ते ध्यानी येते.

अकरा हंगाम, दहा अंतिम सामने

१९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली. अपवाद फक्त १९४८-४९ चा. त्यांपैकी १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ या चार हंगामांत त्याने अनुक्रमे बडोदा, मुंबई, गुजरात आणि बंगाल यांना हरवून करंडक जिंकला. त्या काळी स्पर्धा बाद पद्धतीने खेळली जाई. एक पराभव झाला की हंगाम संपला. हे लक्षात घेतले म्हणजे या सातत्याचे मोल कळते.

या संघाच्या पराभवांचीही इतिहासात नोंद झाली. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने त्याच्यापुढे ८६७ धावांचे लक्ष्य ठेविले. महायुद्धामुळे महूच्या लष्करी छावणीत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळले व २४९ धावांवर नाबाद राहिले. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली, तरीही संघ ३७४ धावांनी हरला. या सामन्यात एकूण २,०७८ धावा निघाल्या. दोन वर्षांनी बडोद्याच्या विजय हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांनी होळकरांविरुद्धच चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली.

होळकरांचा स्वतःचा पराक्रमही तोलामोलाचा होता. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर व प्रतापसिंह अशा सहा जणांनी शतके ठोकली. पाठोपाठ झालेल्या अंतिम सामन्यात नायडूंनी बडोद्याविरुद्ध द्विशतक झळकाविले; तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती!

आश्रय सरला, संघ विरला

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. होळकर हे नाव रणजी स्पर्धेत आणखी काही वर्षे टिकले. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासने इंदुरातच ४६ धावांनी विजय मिळविला आणि त्यानंतर ते नाव मिटले. १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्याची नवी रचना झाली. एका संस्थानाच्या बळावर उभ्या असलेल्या संघाच्या जागी विस्तीर्ण राज्याचा संघ आला. पण दरबाराने उचललेला भार पेलणारी व्यवस्था त्याच्यामागे नव्हती. थोर खेळाडू वयोमानाने निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा घेणारी पिढी वेळेत तयार झाली नाही.

व्यक्तिगत पराक्रम अधूनमधून चमकत राहिले. इंदुरात घडलेले फिरकी गोलंदाज नरेंद्र हिरवाणी यांनी १९८८ मध्ये मद्रास येथे पहिल्याच कसोटीत १६ बळी घेतले. संघ म्हणून मात्र मध्य प्रदेशास अंतिम फेरीसाठी १९९८-९९ पर्यंत वाट पाहावी लागली. बंगळुरूत कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना अनिर्णित राखला असता, तरी करंडक हाती येणार होता. परंतु विजय भारद्वाज यांच्या गोलंदाजीपुढे शेवटचा डाव कोसळला आणि संघ ९६ धावांनी हरला. त्या संघाचे कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित.

त्याच मैदानावर परतफेड

हेच पंडित २०२० मध्ये प्रशिक्षक म्हणून परतले. मुंबई व विदर्भ यांना विजेतेपद मिळवून दिल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. कडक शिस्त आणि दीर्घ सराव शिबिरे ही त्यांची पद्धत येथेही रुजली. २०२२ च्या अंतिम सामन्यात वेंकटेश अय्यर व आवेश खान हे दोघेही राष्ट्रीय संघासोबत असल्याने उपलब्ध नव्हते. तरीही मुंबईच्या ३७४ धावांना यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) व रजत पाटीदार (१२२) यांच्या शतकांच्या जोरावर ५३६ धावांचे उत्तर मिळाले. १०८ धावांचे लक्ष्य आदित्य श्रीवास्तव यांच्या संघाने चार गडी गमावून गाठले. ज्या मैदानावर २३ वर्षांपूर्वी करंडक निसटला, तेथेच तो हाती आला.

त्यानंतरचे निकाल संमिश्र आहेत. २०२२-२३ च्या उपांत्य फेरीत बंगालने इंदुरात ३०६ धावांनी, तर २०२३-२४ च्या उपांत्य फेरीत विदर्भाने नागपुरात ६२ धावांनी मात केली. २०२४-२५ मध्ये रणजीच्या साखळीतच वाटचाल थांबली. त्याच हंगामात, इंदूरच्या सुपुत्राचे नाव धारण करणाऱ्या सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने पाच गडी राखून विजय मिळविला. मात्र जून २०२५ मध्ये इंदूरच्याच पाटीदार यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या संघाने आयपीएलचे पहिले विजेतेपद मिळविले.

गोमंतकासाठी बोध

१९८५-८६ पासून रणजी खेळणाऱ्या गोव्यासही या कहाणीत पाहण्याजोगे बरेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरी येथे स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) व कश्यप बखले (नाबाद ३००) यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ६०६ धावांची अभेद्य भागीदारी रचली. रणजी स्पर्धेतील ही सर्वांत मोठी भागीदारी. हजारे-गुल महंमद जोडीच्या ५७७ धावाही तिच्यामागे राहिल्या. त्याच हंगामात गोव्याने प्लेट गटाचे अजिंक्यपद मिळवून वरच्या गटात प्रवेश केला.

परंतु विक्रम हा एका दिवसाचा असतो आणि संघ वर्षानुवर्षांच्या मशागतीने उभा राहतो. होळकर संघाला गुणी खेळाडूंची वाण कधीच नव्हती. आश्रयदाता गेल्यावर खेळाडू घडविणारी यंत्रणा तेवढी मागे उरली नाही. ती पुन्हा उभी करण्यात इंदूरची दोन पिढ्यांहून अधिक वर्षे गेली. लहान राज्याला इतकी प्रतीक्षा परवडणारी नाही.