वाढदिवस आणि वर्षाचा संकल्प

मनुष्याच्या आयुष्यात वर्षारंभ दोन प्रकारचे असतात; एक सर्वांचा व दुसरा स्वतःचा. चैत्री पाडवा, पहिली जानेवारी किंवा शाळा उघडण्याचा दिवस हे सर्वांचे वर्षारंभ होत. वाढदिवस मात्र ज्याचा त्याचा. त्या दिवशी आई औक्षण करते, काही गोडधोड होते, आणि हल्ली आपल्या अंतरवाली सराटीसारख्या गावीही केक कापला जातो. हा आनंद योग्यच आहे. त्यास कोणी नावे ठेवू नयेत. परंतु निरांजन देवापुढे परत ठेवून झाल्यावर एक प्रश्न उरतो. गेले वर्ष आपण कोणत्या कामी लावले, व येणारे कोणत्या कामी लावणार? या प्रश्नास उत्तर कसे द्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. आपल्या भागातील वडील मंडळींपैकी पुष्कळांस स्वतःची खरी जन्मतारीख ठाऊक नसते. कोणी १९७२ च्या दुष्काळात जन्मलेला, कोणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एवढीच काय ती आठवण. शाळेत नाव घालताना गुरुजींनी नोंदवहीत १ जून ही तारीख मांडली, आणि तीच जन्मभर कायम झाली. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला व २०२३ साली त्यात दुरुस्ती होऊन, त्यापुढे जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशास जन्मदाखलाच प्रमाण ठरला. तेव्हा ही अडचण पुढे उरणार नाही. तथापि संकल्पासाठी तारीख खरीच असली पाहिजे, असे मुळीच नाही. जो दिवस आपला म्हणून ठरला आहे व जो दर वर्षी चुकता परत येतो, तो पुरेसा आहे. किंबहुना १ जून हा दिवस फारच सोयीचा म्हटला पाहिजे. कारण त्याच्या पुढच्याच आठवड्यात मृग निघतो, आणि शेतकऱ्याचे वर्षही तेथूनच सुरू होते.

असा एखादा दिवस मनास उभारी देतो, ही केवळ समजूत नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याचा, महिन्याचा व वर्षाचा आरंभ, तसेच वाढदिवस, यांच्या पाठोपाठ माणसे व्यायामशाळेकडे अधिक वळतात, असे दिसून आले. जुन्या चुका मागील खात्यात गेल्या व नवे पान उघडले, असे त्या वेळी मनास वाटते. परंतु ही उभारी टिकाऊ नसते. पेरणीस जसा वाफसा, तसा संकल्पास हा दिवस. वाफसा आला म्हणजे तिफण धरली पाहिजे. नुसते बांधावर उभे राहिल्याने रान सुकून जाते.

वयाचा आकडा व मनुष्याचे काम यांचा संबंध पाहावयाचा असेल, तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र चाळावे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. कोकणातील मुरूड गावाहून सह्याद्री ओलांडून ते पायी साताऱ्यास परीक्षेला गेले, तेव्हा वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यांस परत पाठविण्यात आले. मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून उतरले. १८९६ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ. सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, ते जगाच्या प्रवासास निघाले, आणि १९३६ साली, ज्या वयात मनुष्य ओसरीवर बसून नातवंडे खेळवितो त्या वयात, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापिले. १९५८ साली, वयास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला.

ही साले पाहून विद्यार्थ्याने दबून जाऊ नये. त्यांतून घ्यावयाचा धडा साधा आहे. प्रत्येक मोठ्या कार्याच्या मुळाशी रोजचे लहान कृत्य होते. आश्रम हिंगण्यास नेला तेव्हा कॉलेजातील शिकवणे आटोपल्यावर कर्वे पुण्याहून तेथवर पायी जात. संस्था एकदा स्थापन होते; वाट मात्र रोज चालावी लागते.

तेव्हा संकल्प कसा करावा? पहिली गोष्ट, तो एकच असावा. दहा संकल्प करणारा बहुधा अकराव्या दिवशी एकही पाळीत नाही. दुसरी गोष्ट, तो आपल्या हातातला असावा. "मी वर्गात पहिला येईन" हा संकल्प नव्हे; ते इतरांच्या गुणांवरही अवलंबून आहे. "मी रोज गणिताची पाच उदाहरणे सोडवीन" हा संकल्प होय. वर्षातील पासष्ट दिवस आजार, लग्नकार्य व यात्रा यांस सोडून दिले, तरी तीनशे दिवसांत दीड हजार उदाहरणे होतात. तिसरी गोष्ट, त्यास ठराविक वेळेचा खुंटा असावा. "सवड मिळेल तेव्हा" असे न म्हणता "सायंकाळी पाणी भरून झाल्यावर" असे म्हणावे. चौथी गोष्ट, भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस खुणा मोजाव्यात.

मध्येच खंड पडला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांच्या नव्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणास अवघे १८, तर कोणास २५४ पर्यंत लागतील असे अनुमान निघाले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. म्हणून एका चुकलेल्या दिवसासाठी सबंध वर्ष टाकून देऊ नये.

आपल्या भागात याचे महत्त्व विशेष आहे. दिवाळीच्या सुमारास कित्येक घरची मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यात परततात. त्यांची मुले कोणी बरोबर जातात, कोणी आजीपाशी अथवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि कित्येकांची शाळा तेथेच सुटते. अशा मुलाने आपला संकल्प गाठोड्यात मावेल एवढा करावा: एक वही, एक पुस्तक, आणि रोज एक पान वाचून त्यातील पाच ओळी लिहिणे. फडावरच्या कोपीतही तेवढे साधते. परत येताना भरलेली वही हाती असेल, तर वर्गात पुन्हा बसण्याचा संकोच निम्मा होतो, व शाळा सुटण्याचे भयही कमी होते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, येत्या वाढदिवशी, मग ती तारीख आईच्या आठवणीतली असो वा नोंदवहीतली, वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: काय करणार, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि किती. त्याखाली दिनांक घाला, व घरातील एका माणसास ती वाचून दाखवा. पुढील वाढदिवशी त्याच ओळीखाली, जे झाले ते व राहिले ते, दोन्ही खरे लिहा. आणि मग नवे पान उघडा.