इंजिनाचे नाक उंच करताना...

एक माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लीटर हवा श्वासावाटे आत घेतो. पेट्रोलवर चालणारे इंजिन केवळ एक लीटर पेट्रोल जाळताना जवळपास तेवढीच, म्हणजे सुमारे नऊ हजार लीटर हवा ओढते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, म्हणून हा आकडा एवढा मोठा होतो. या हवेबरोबर काय आत जाते, यावर इंजिनाचे आयुष्य ठरते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवरची धूळ आणि पावसाळ्यात सह्याद्रीतले ओढे पार करणाऱ्या जीपवाल्यांना हे पक्के ठाऊक असते. त्यामुळेच अशा गाड्यांवर छतापर्यंत चढलेला काळा पाइप, म्हणजे ‘स्नॉर्कल’, दिसू लागला आहे. तो नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही?

धुळीचा मार

वाळूमिश्रित धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्सच्या काठिण्य श्रेणीत क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर आहे. त्याने काचेवर सहज ओरखडा उठतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ऑईलचा अतिशय पातळ थर असतो. साधारण ५ ते २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण तिथे पोहोचला, की पॉलिश पेपरसारखा धातू घासत राहतो. हळूहळू कॉम्प्रेशन कमी होते, गाडी ऑईल खाऊ लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. टर्बो असेल तर त्याची वेगाने फिरणारी पातीही झिजतात.

आपल्या नाकातले केस, वळणे आणि चिकट स्राव जे काम करतात, तेच काम इंजिनासाठी फिल्टर करतो. जुन्या जीपमध्ये ‘ऑईल बाथ’ असायचा. त्यात हवा तेलावरून वळवली जाई आणि धूळ तेलात अडके. आताच्या गाड्यांत घड्यांचा कागदी फिल्टर असतो. फार धुळीच्या भागात त्याच्या आधी ‘सायक्लोन’ बसवतात. त्यात हवा गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जातात आणि कागदावरचा भार हलका होतो.

‘जास्त हवा, जास्त ताकद’ असे सांगून तेल लावलेले सुती जाळीचे फिल्टर विकले जातात. त्यांतून हवा मोकळी जाते, मात्र बारीक धूळही जास्त जाऊ शकते. शिवाय जास्तीचे तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसले, तर गाडी उलट कुरकुरते. बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवला, तर इंजिन गरम हवा ओढते. हवा दहा अंशांनी तापली, की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे मिळवायची ताकद तिथेच गळते.

तीन चमचे पाणी

पाण्याचा धोका अधिक तडकाफडकी असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. २.२ लीटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन रेशो १६ धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३७ मिलिलीटर असते. साधारण अडीच-तीन मोठे चमचे! त्याहून जास्त पाणी शिरले, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये, असे मेकॅनिक बजावतात ते याचसाठी.

स्नॉर्कल हवा घेण्याचे तोंड उंचावर नेतो. तिथे चाकांनी उडवलेली धूळही तुलनेने कमी असते. पण फिल्टरच्या डब्याचे सांधे, पाणी काढण्याची भोके आणि रबरी जोड घट्ट बंद केले नसतील, तर छतावरचा पाइप केवळ शोभेचा ठरतो. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर, वायरिंग यांनाही पाणी चालत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाहत्या पाण्यात गाडी हलकी होऊन वाहून जाते आणि तिथे स्नॉर्कलचा काही उपयोग नसतो. पुराचे पाणी दिसले, की मागे फिरणे हाच शहाणपणा.

फुप्फुसांनाही फिल्टर हवा

फिल्टर झटकताना किंवा कॉम्प्रेसरने हवा मारताना इंजिनापासून अडवलेली धूळ माणसाच्या श्वासात जाते. स्फटिकी सिलिकाचे बारीक कण फुप्फुसांत खोलवर रुततात. दीर्घकाळ संपर्क राहिला तर सिलिकोसिस होतो आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. रोज हे काम करणाऱ्या गॅरेजमधल्या पोरांना एन-९५ मास्क आणि मोकळी जागा मिळायलाच हवी. जोराच्या हवेने कागद फाटतोही. त्यापेक्षा खराब फिल्टर बदलणे बरे.

बदल करण्यापूर्वी वॉरंटी, विमा आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ यांची चौकशी करावी. काम झाल्यावर काही दिवस धुळीत गाडी चालवावी आणि मग फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाइप पांढऱ्या कापडाने आतून पुसून पाहावा. कापडावर माती दिसली, तर कुठेतरी सांधा उघडा आहे. तो बंद होईपर्यंत गाडी धुळीत नेऊ नये.