विमानाच्या पंखावर कुणीतरी आहे!

विमानात बसायची धास्ती वाटत असेल, तर रिचर्ड मॅथेसनची 'नाइटमेअर ॲट २०,००० फीट' (१९६१) ही कथा प्रवासाच्या आदल्या रात्री तरी वाचू नका. आधीच भेदरलेला नायक विल्सन खिडकीबाहेर बघतो, तर पंखावर एक प्राणी इंजिनाचा पत्रा उचकटतोय. एअर होस्टेसला बोलवावं, तर तो गायब. पडदा लावून स्वतःची समजूत घालावी आणि पुन्हा बाजूला सारावा, तर तेच थोबाड काचेला लागून!

हे भूत मॅथेसनच्या डोक्यातून आलेलं नाही. यंत्रात अकारण बिघाड झाला की ब्रिटिश हवाई दलातले वैमानिक त्याचं खापर 'ग्रेमलिन' नावाच्या खोडकर जिवांवर फोडायचे.

१९६३ मध्ये 'द ट्वायलाइट झोन' मालिकेत विल्यम शॅटनरने विल्सन रंगवला. दिग्दर्शक रिचर्ड डोनर, पुढे 'सुपरमॅन'वाले. पण तिथला केसाळ ग्रेमलिन आज चक्क पोशाख घातलेला माणूस वाटतो. शिवाय सोबतीला बायको. कथेतला विल्सन एकटा आहे आणि बॅगेत पिस्तूल (तेव्हा चालायचं!), म्हणून मला कथाच जास्त झोंबते. स्टीफन किंगने सहसंपादित केलेल्या 'फ्लाइट ऑर फ्राइट' (२०१८) या संग्रहात ती मिळेल.