मीठ कमी, पण हळूहळू

२१ दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. आहार-व्यायामाची ती मोजणी नव्हती.

तशी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केली. ९६ जणांनी रोज ठरावीक प्रसंगी एक नवी गोष्ट करायची होती. ती आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. मला यातली सर्वांत दिलासादायक गोष्ट वाटते ती अशी, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून एक खाडा पडला की सगळंच सोडून देऊ नये.

घरापुरतं बोलायचं तर सुरुवात मिठापासून करावी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चमचा. लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड यांतलंही त्यातच आलं. आमटीतलं मीठ एकदम निम्मं केलं तर घरात बंड होईल. दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. दोन-तीन महिन्यांत जीभ कमी खारटाला सरावते, आणि पूर्वीचं जेवण खारट लागू लागतं. ताटात वाढलेलं वरचं मीठ मात्र आजच बंद करता येईल. पोटॅशियमयुक्त मीठ आणणार असाल, तर घरात मूत्रपिंडाचा विकार असलेलं कुणी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.