चाकू कसाले जोयजे?

मंडळी, चाकू ही आपल्या घरातली अगदी साधी वस्तू. सकाळी कांदा चिरायला लागते, दुपारी कैरी कापायला लागते, पाहुणे आले की कलिंगडाला लागते. ओट्यावर पडलेला चाकू कुणी वळूनही बघत नाही. पण तोच चाकू चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशात गेला की घरातल्यांची झोप उडते. आज या खिशातल्या चाकूविषयी बोलायचं आहे. मुलांशीही बोलायचं आहे, आणि त्यांच्या आईबापांशीही.

निमित्त आमच्या पारोळ्यातलं आहे. आमच्या गल्लीत नववीत शिकणारा एक मुलगा राहतो. घरी शेती. त्याने कुणाच्या तरी मोबाइलवर तो प्रसिद्ध लाल स्विस चाकू पाहिला. पातं, कात्री, स्क्रू पिळायचं टोक, डबा उघडायचं अवजार, चिमटा, सगळं एकाच मुठीत मिटलेलं. किंमत बत्तीसशे रुपये. पोराने दिवाळीच्या सुट्टीत घरच्या शेतात कापूस वेचला, मामाने दिलेले पैसे खर्चले नाहीत, आणि बिस्किटांच्या डब्यात साडेअठराशे रुपये साठवले. तो डबा आईच्या हाती लागला. पैसे कशासाठी ते कळलं आणि घरात रण माजलं. वडील मला म्हणाले, "चाचा, पोरगं चाकूसाठी पैसे जमवतंय. तुमचं ऐकतो तो. तुम्हीच सांगा त्याला."

मी काही बोलायच्या आत खाटेवर बसलेल्या आजीने नातवाला आपल्या अहिराणीत विचारलं, "तुले चाकू कसाले जोयजे रे?" तुला चाकू कशाला हवा आहे?

मला विचाराल तर या विषयातला हा एकच प्रश्न खरा आहे. चाकू केवढा, कितीचा, कुठल्या कंपनीचा, हे सगळं नंतरचं. ज्या चाकूला काम आहे, ते अवजार. ज्याला काम नाही, ते हत्यार. लोखंड तेच असतं.

हे मी शब्दांचा खेळ म्हणून सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. कोयता हे ऊसतोड कामगाराचं पोट भरणारं अवजार. शहाळंवाल्याच्या गाडीवरही तोच असतो. पण २०२२च्या अखेरीस पुण्यातून 'कोयता गँग'च्या बातम्या यायला लागल्या. हातात कोयते घेऊन दुकानदारांना, रस्त्यावरच्या माणसांना धमकावणाऱ्या या टोळ्यांत अल्पवयीन मुलंही सापडली. त्या मुलांच्या कोयत्याला तोडायला ऊस नव्हता. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जायचं, ही बातमी तर आता आपल्या जिल्ह्याच्या पानावरही नवी राहिलेली नाही. केक कापायला तलवार कशाला हवी? आजीचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

म्हणून त्या मुलाच्या वडिलांची भीती मला खोटी वाटली नाही. त्यांच्या पिढीने चाकू पाहिला तो सिनेमात. 'वक्त' (१९६५) मध्ये राजकुमार समोरच्याच्या हातातला चाकू घेतो आणि हा मुलांनी खेळायचा जिन्नस नव्हे म्हणून ऐकवतो, तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या वाजायच्या. घडीचा चाकू म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे गुंड, हे समीकरण आपल्या डोक्यात तिथून आलं.

पण मुलाला जो चाकू हवा होता, त्याचा इतिहास वेगळा आहे. तो मी त्याला सांगितला. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये ईबाख या गावी चाकूंचा कारखाना काढला. तिथल्या सैन्याला त्या सुमारास नवी रायफल मिळाली होती. ती खोलायची, पुसायची, परत जोडायची तर स्क्रू पिळायला काहीतरी हवं. शिवाय सैनिकाचं जेवण डबाबंद, म्हणजे डबा उघडायलाही काहीतरी हवं. मग ठरलं की या सगळ्या कामांसाठी प्रत्येक सैनिकाला घडीचा एक चाकू द्यायचा. १८९१ मध्ये एल्सेनरने सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली. पुढे १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू नोंदवला. आज दुकानात दिसणारा लाल चाकू हा त्याचाच वंशज. आईच्या निधनानंतर तिचं व्हिक्टोरिया हे नाव त्याने मालाला दिलं, आणि त्याला न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' हे नाव जोडून पुढे 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं.

यातली गंमत लक्षात घ्या. हा चाकू सैन्याचा खरा, पण लढाईचा नाही. तो स्क्रू पिळण्याचा आणि डबा उघडण्याचा. आधी कामं ठरली, मग चाकू ठरला. २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यानंतर विमानात चाकू न्यायला बंदी आली आणि या चाकूंची विक्री एकदम घसरली. २०२४ मध्ये तर त्याच कंपनीच्या प्रमुखांनी, आम्ही पातं नसलेल्या बहुउपयोगी अवजारावर काम करतो आहोत, असं जाहीर केलं. पातं काढलं तरी ग्राहकाच्या कामाची इतर अवजारं त्यात उरतात, हा त्यामागचा विचार.

मी मुलाला म्हटलं, "सैन्याने जे केलं ते तूही कर. महिनाभर वहीत लिही. चाकूची आठवण झाली, की तारीख टाक आणि काम लिही. महिन्यानंतर बोलू." पोरगं नाराज झालं, पण वही केली. महिन्याने आणली तेव्हा त्यात अकरा नोंदी होत्या. पोत्याची सुतळी तोडली. सायकलच्या घंटीचा स्क्रू सैल झाला. बाभळीचा काटा पायात मोडला. ठिबकच्या नळीचं टोक कापलं. पेन्सिलीला टोक केलं. पेरू कापला. रेडिओचं झाकण उघडलं. अशा त्या नोंदी. अकरापैकी पातं लागलं ते चारदा. बाकी ठिकाणी कात्री, स्क्रू पिळायचं टोक नाही तर चिमटा. त्या चार कामांनाही बोटाएवढं पातं पुरे होतं. बत्तीसशेचा मोठा चाकू त्याच्या यादीत कुठे बसेना. त्याच जातीचा धाकटा, अर्ध्या किमतीचा चाकू मात्र बरोबर बसत होता. हिशेब त्याचा त्यानेच केला. मोठ्यासाठी अजून साडेतेराशे हवे होते, आठवड्याला पन्नास टाकले तर सत्तावीस आठवडे. धाकट्यासाठी पैसे डब्यात होतेच.

किमतीविषयीही दोन शब्द. "बाजारात दोनशे रुपयांतही अगदी तसाच मिळतो," असं त्याचे मित्र सांगत होते. दिसायला तसाच मिळतो, हे खरं. पण पात्याची किंमत दिसण्यात नसते. आपल्या गावाबाहेर घिसाडी मंडळींची पालं पडतात. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा विळा कसा होतो, ते एकदा त्यांच्याजवळ उभं राहून बघा. पोलाद तापवून लाल करतात, ठोकून आकार देतात, आणि मग त्याला पाणी देतात. लालभडक पातं पाण्यात एकदम विझवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून परत बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. हे जमलं तर धार टिकते. नाही जमलं तर पातं वाकतं नाही तर तुकडा उडतो. गंजू नये म्हणून पोलादात दहा-अकरा टक्क्यांहून जास्त क्रोमियम घालतात. पैसे पडतात ते या सगळ्याचे. दोनशेच्या चाकूची कमान ढिली असते, तो वापरताना बोटावर मिटतो. चांगल्या घडीच्या चाकूचंही पातं पुष्कळदा नुसत्या कमानीच्या जोरावर उभं राहतं, त्याला खटका नसतो. म्हणून त्याचं टोक कशात खुपसून रेटायचं नाही.

बोथट चाकूने हात कापत नाही, हा एक मोठा गैरसमज आहे. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो. मग तो निसटतो आणि खोल लागतो. चाकूबरोबर एक धारेचा दगड घ्यावा, आणि पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशांत धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. कापताना पातं अंगापासून दूर न्यावं. दुसऱ्याला देताना मिटून द्यावं. हातातून पडला तर झेलायला जाऊ नये, पाय मागे घ्यावा आणि पडू द्यावा. उघडं पातं घेऊन चार पावलंसुद्धा चालू नये.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. म्हणजे कायदाही आजीसारखंच विचारतो, कशासाठी? पण छोटा चाकू नियमात बसतो म्हणून तो कुठेही न्यावा, असं नाही. सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या अशा आदेशांत सुरे-चाकू जवळ बाळगण्यावर बंदी असते. शाळेत, मिरवणुकीत, यात्रेत चाकू न्यायचा नाही, ही साधी गोष्ट. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले. त्याच महिन्यात त्या शहरात दंगल झाली होती. अशा वेळी पार्सलातल्या पात्याकडे पोलीस कोणत्या नजरेने बघणार, हे सांगायला नको.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट बोलली पाहिजे. तो मुलगा माझ्या नात्यातला असता, आमच्या मोहल्ल्यातला असता, तर मी त्याला हा चाकू घराबाहेर नेऊ नकोस असं दहा वेळा जास्त बजावलं असतं. चाकू तोच, पातं तेवढंच. पण तो कुणाच्या खिशात सापडला, यावरून लोक अर्थ लावतात. हे मला आवडत नाही. पण मुलाच्या काळजीपोटी मी तेच केलं असतं, आणि माझ्या ओळखीचे कितीतरी बाप तेच करतात.

खरं तर सुरी कशी वापरावी याचे रीतिरिवाज आपल्या सगळ्यांकडे आहेत. बकरी ईदला आमच्याकडे सुरीला आधीच धार लावून ठेवतात. जनावराच्या देखत धार लावायची नाही, त्याला सुरी दाखवायची नाही, आणि बोथट सुरीने त्याचे हाल करायचे नाहीत, अशी शिकवण आहे. शेजारी खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाना, हातोडा धुऊन पुसून त्यांना फुलं वाहतात. लहानपणी मी ते बघायला जायचो. दोन्हीकडे सांगणं एकच, की धारेच्या वस्तूला काम असतं, आणि काम झालं की तिची जागा असते.

आईबापांना माझं सांगणं एवढंच, की मूल पैसे साठवतंय याचा राग धरू नका. वस्तूसाठी थांबणं ही आजच्या मुलांत दुर्मीळ झालेली गोष्ट आहे. डबा लपवावा लागू नये, म्हणून त्याला पोस्टात न्या. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं, पाचशे रुपयांत. आणि नुसतं 'नाही' म्हणू नका. 'नाही' म्हटलेला चाकू दोनशे रुपयांत, चोरून, वाईट पोलादाचा आणि वाईट संगतीत मिळतो.

मुलांनो, तुम्हाला सांगतो, आधी वही करा. महिनाभर कामं लिहा. वही कोरी राहिली तर पैसे राखून ठेवा, चाकू कुठे पळून जात नाही. वही भरली तर ती वडिलांसमोर ठेवा आणि त्यांना बरोबर घेऊन दुकानात जा. खरेदीची पावती जपून ठेवा. चाकू घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा, आणि घरात कुणाला सुतळी तोडायची असेल तर सगळ्यात आधी तुम्ही उठा.