पठारावरच्या पवनचक्क्या

वाऱ्यापासून वीज करण्याचे भारतातले पहिले प्रकल्प १९८६ साली किनाऱ्यालगत उभे राहिले. महाराष्ट्रात त्यासाठी रत्नागिरीची निवड झाली. ती यंत्रे अवघी ५५ किलोवॉटची होती. आजचे एक यंत्र दोन-तीन मेगावॉटचे असते, पण तत्त्व तेच आहे. पात्याच्या वळणदार घडणीमुळे त्याच्या दोन्ही अंगांवर हवेचा दाब कमीजास्त होतो आणि पाते फिरू लागते. मोठ्या यंत्राचे चाक मिनिटाला जेमतेम पंधरा-वीस फेरे घेते. बहुतेक यंत्रांत गिअरबॉक्स हा वेग जनित्राला पुरेसा होईल इतका वाढवतो. पुढे रोहित्रातून वीज उपकेंद्राकडे जाते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे या धंद्यात सगळा खेळ जागेचा.

ती जागा सह्याद्रीच्या पठारांवर सापडली. १९९५ साली तुलसी तांती यांनी पवनचक्क्या उभारणारी सुझलॉन कंपनी काढली. कापडधंद्यात विजेच्या खर्चाने ते बेजार झाले होते. कोयना जलाशयाच्या वर, सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर ३५० किलोवॉटच्या यंत्रांची रांगच लागली. मात्र ती केवळ वाऱ्याने आणली नव्हती. प्राप्तिकरात मिळणाऱ्या वाढीव घसाऱ्यासाठी वीजधंद्याशी संबंध नसलेल्यांनीही पवनचक्क्या घेतल्या. यंत्र किती फिरते, हा प्रश्न मागे पडला. ही सवलत २०१२ साली गेली, २०१४ साली परतली.

दरम्यान धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल, मग नगर आणि बीडकडची पठारे भरली. काही भागांत पाऊस हुकला की पवनचक्क्या ढग पळवतात, अशी तक्रार होई. पात्यांची उंची शे-दीडशे मीटरच्या आसपास आणि पावसाच्या ढगांचा विस्तार कित्येक किलोमीटरचा, हे पाहता त्यात तथ्य नाही.

विजेचे गिऱ्हाईक मात्र वारा असेल तिथेच असते असे नाही. जालना जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरी-दुधना खोऱ्यातला, सपाट. बालाघाटाचे वारे खेळते पठार शेजारच्या बीडमध्ये आहे. पण सळया करणारे जालन्याचे पोलाद कारखाने विजेचे मोठे गिऱ्हाईक. त्यांच्या भट्ट्यांना वीज बारमाही लागते. पठारावरचा वारा मात्र जून ते सप्टेंबर जोरात असतो आणि रब्बीत, शेतीपंप चालू लागतात तेव्हा, मंदावतो. ही तूट औष्णिक, जल आणि अलीकडे सौर विजेने भरून काढावी लागते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पहिल्या पवनलिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. त्याच वर्षी घसाऱ्याचा दर ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. तेव्हापासून नव्या यंत्राचा हिशेब करसवलतीपेक्षा युनिटांवर मांडला जातो.