बावन्न इशारे आणि एक सरळ वाक्य

कोणी ‘या ना एकदा घरी’ म्हणालं की आपण खरंच जातो का? नाही. त्या ‘एकदा’ला वार नसतो, वेळ नसते, ती निघताना म्हणायची रीत आहे, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ‘रविवारी पाचला या, थालीपिठं करतेय’ हे झालं आमंत्रण. बरं, आलेला पाहुणा ‘नको नको, आत्ताच खाऊन निघालोय’ म्हणतो, तरी यजमान बशी पुढे सरकवतातच, कारण पहिला नकार धरायचा नसतो. मग कितवा धरायचा? दुसरा की तिसरा? हे तुम्हाला कोणी शिकवलं? कितवीच्या पुस्तकात होतं?

कुठेच नव्हतं. न शिकता आलं. आता समजा, ते न शिकता आलंच नाही. तुम्ही सव्वीस वर्षांची मुलगी आहात, कॅफेत बसला आहात, समोरचा मुलगा तुम्हाला आवडलाय, आणि अख्खी संध्याकाळ याच न शिकवलेल्या भाषेत चालणार आहे.

बऱ्याच ऑटिस्टिक मुलींची पहिली डेट अशी असते. पण तिच्याकडे वळण्याआधी जरा आपल्याकडेच बघू या. कारण बाकीची माणसं जे सहज करतात, ते मुळात थक्क करणारं आहे.

दोघं गप्पा मारत असताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला मध्ये किती वेळ जातो? २००९ साली संशोधकांनी जगातल्या १० भाषांत हे मोजून पाहिलं. जपानी होती, डॅनिश होती, लाओ होती; मराठी नव्हती. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद. पापणी लवते तेवढीच! आणि खरी मेख पुढे आहे. एक साधा शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायला मेंदूला ६०० मिलिसेकंद लागतात. मग उत्तर २०० मध्ये येतं कसं? तर समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच ते कुठे संपणार हे आपण ओळखतो आणि आपलं वाक्य रचायला घेतो. तबलजी काही समेची वाट बघत बसत नाही, ती कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. तसंच हे.

यात प्रेमाचा रंग मिसळला की गुंता आणखी वाढतो. मोनिका मूर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बारमध्ये बसून दोनशेहून अधिक स्त्रियांचं निरीक्षण केलं आणि १९८५ साली यादी छापली: पुरुषाला ‘जवळ ये’ सांगणारे ५२ इशारे. ओझरती नजर, केसांना झटका, मान तिरकी करणं, ओठांवर अर्धवट हसू. बावन्न! आपली बाराखडी याहून आटोपशीर आहे. आणि शब्द? एकही नाही.

मग ही लिपी बाकीच्यांना तरी वाचता येते का? इथे मला खरंच हसू आलं. कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल यांनी अनोळखी तरुण-तरुणींना जोडीनं बोलायला बसवलं आणि नंतर एकेकट्याला विचारलं, समोरचा तुमच्याशी फ्लर्ट करत होता का? खरोखर फ्लर्टिंग चाललेलं असताना ते पुरुषांपैकी ३६ टक्क्यांना ओळखता आलं, स्त्रियांपैकी फक्त १८ टक्क्यांना. म्हणजे ज्या परीक्षेत ऑटिस्टिक मुलीला नापास ठरवतात, त्या परीक्षेत सगळा वर्गच काठावर आहे. बाकीच्यांना निदान आपण पास झालोय असं वाटतं, एवढाच फरक.

आता कॅफेत परत जाऊ. या मुलीला मीरा म्हणू. मीरा खरी कोणी नाही, पण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. ती अर्धा तास आधी येऊन कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलीये, पाठ भिंतीला टेकवून, म्हणजे निदान मागून आवाज येणार नाहीत. काउंटरवर मिक्सर फिरतोय. शेजारच्या टेबलावर चमचा बशीवर आपटतोय. तुमचा-माझा मेंदू हे आवाज मागे ढकलतो. तिच्या मेंदूत मिक्सर, चमचा आणि समोरच्या मुलाचा आवाज एकाच रांगेत, एकाच उंचीचे उभे आहेत. त्यात ती मोजतेय: तीन सेकंद नजर, मग कपाकडे, मग परत नजर. डोळ्यांत बघणं अवघड जातं म्हणून त्याच्या भुवयांमधली जागा निवडलीये. विचारायचे प्रश्न फोनच्या नोट्समध्ये लिहून आणलेत. तो काहीतरी गमतीचं बोलतो, ती हसते. अर्ध्या सेकंदानं उशिरा.

निघताना तो म्हणतो, ‘भेटू परत कधीतरी.’
‘कधी?’ ती फोनमधलं कॅलेंडर उघडून विचारते.

ही नजरेची मोजणी, हे पाठ केलेलं हसू, याला मास्किंग म्हणतात. मुखवटाच, पण फसवण्यासाठी नाही, निभावण्यासाठी. प्रौढपणी निदान झालेल्या १४ ब्रिटिश स्त्रियांच्या मुलाखती २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यात काहींनी सांगितलं की माणसांत कसं वागायचं हे त्या टीव्ही आणि मासिकांमधून शिकल्या. परदेशात गेलेला माणूस सिनेमे बघून भाषा शिकतो ना, तसं. फक्त हा परदेश म्हणजे स्वतःचंच गाव. पुढे हे लपवणं किती चालतं हे मोजायला २५ विधानांची एक प्रश्नावली तयार झाली.

हा मुखवटा इतका बेमालूम की डॉक्टरही फसले. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यात मुली ३. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी ४ मुलांबद्दल लिहिलं, चौघंही मुलगे. झालं, ‘हा मुलग्यांचा प्रकार’ असं चित्र ठसलं. आणि गंमत अशी की या दोघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी असे मुलगे टिपले होते आणि मुलीही! त्यांचं लेखन इंग्रजी जगापर्यंत पोचायला १९९६ साल उजाडावं लागलं. चार मुलग्यांमागे एक मुलगी, हे जुनं प्रमाण २०१७ च्या मोठ्या आढाव्यात तिनाला एक असं खाली आलं, आणि त्याच आढाव्याचं म्हणणं की मुली निदानाच्या जाळ्यातून निसटतात.

थोडं विषयांतर. मराठीत आपण ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द देखणा आहे, मूळ ‘ऑटिझम’ही ग्रीकमधल्या ‘स्व’वरूनच आलेला आहे, पण मला तो पटत नाही. दोन तासांच्या भेटीत स्वतःचा प्रत्येक स्नायू दुसऱ्याच्या सोयीसाठी हलवणाऱ्या मीराला स्वतःत मग्न कसं म्हणायचं?

मग प्रेमात पुढे येतो स्पर्श. इथे तर निसर्गानं कमालच केलीये. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हातापाठीवर, काही अतिमंद मज्जातंतू असतात. नेहमीचा स्पर्श सांगणारे तंतू सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगानं निरोप नेतात. हे मात्र सेकंदाला जेमतेम एक मीटर. टपालखात्यात स्पीड पोस्ट आणि साधं पोस्टकार्ड असावं तसं. हे तंतू सर्वांत जास्त कधी खुलतात? सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं हात फिरवला तर. आणि फिरवणारी वस्तू माणसाच्या त्वचेइतकी कोमट असेल तर! आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो हाच वेग. जणू कुरवाळणं ओळखायलाच शरीरात स्वतंत्र तार ओढून ठेवलीये.

ऑटिस्टिक मेंदू या स्पर्शाला वेगळा प्रतिसाद देतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. अनेकींना हलका, निसटता स्पर्श अंगावर झुरळ फिरल्यासारखा वाटतो, आणि घट्ट दाब मात्र शांत करतो. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बाईंची कहाणी ऐकलीत? मिठी त्यांनाही हवी असायची, पण माणसाची मिठी लाटेसारखी अंगावर यायची. ॲरिझोनात मावशीच्या रँचवर त्यांनी पाहिलं की गुरांना दोन फळ्यांत हलके दाबून धरलं की ती शांत होतात. अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं, ज्याचा दाब स्वतःच्या हातानं कमीजास्त करता येतो. मिठी, पण रेग्युलेटर लावलेली! टेंपलबाईंनी पुढे जोडीदार न करता राहणं निवडलं. पण त्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढायचं कारण नाही. जर्मनीत २२९ ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं, तेव्हा ७३ टक्क्यांना प्रेमसंबंधांचा अनुभव होता, आणि नकोच म्हणणारे फक्त ७ टक्के.

मग अडतं कुठे? २०१७ च्या एका प्रयोगानं मला सर्वांत जास्त चकित केलं. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांचं बोलणं चित्रित करून त्याचे काही सेकंदांचे तुकडे अनोळखी लोकांना दाखवले: या माणसाशी ओळख करून घ्याल का? ऑटिस्टिक व्यक्तींबद्दलचं मत लगेच खाली. नुसता फोटो दाखवला, तरी खाली. नुसता आवाज ऐकवला, तरी खाली. मग फक्त त्यांचे शब्द कागदावर लिहून दिले. आणि फरक नाहीसा झाला! पार. जे बोललं गेलं त्यात काही कमी नव्हतंच. पहिल्या काही सेकंदांत लोक चेहरा आणि लय वाचत होते, माणूस नव्हे. चॅटवर फुलणारी ओळख कॅफेत का कोमेजते, याचं एक उत्तर इथे सापडतं.

डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक. २०१२ साली त्यांनी विचारलं, की दोन माणसांत गैरसमज झाला तर दोष एकाच्याच खात्यावर का मांडता? समजण्यातली अडचण दुहेरी आहे. एडिंबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी हे तपासायला आपला कानगोष्टींचा खेळच मांडला: आठ जणांची साखळी, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच शाबूत पोचली. मिश्र साखळीत मात्र जास्त गळाली. २०२५ साली मोठ्या गटावर हाच खेळ झाला, तेव्हा मिश्र साखळी मागे पडलेली दिसली नाही. म्हणजे ते कोडं अजून सुटलेलं नाही. पण दोन्ही वेळा ऑटिस्टिक साखळी कुठे उणी पडली नाही. आणि त्या जर्मन पाहणीत, ज्यांचा जोडीदारही ऑटिस्टिक होता ते आपल्या नात्यात अधिक समाधानी होते.

एका गोष्टीशी मात्र थबकायला हवं. २०२२ साली फ्रान्समध्ये २२५ ऑटिस्टिक स्त्रियांच्या ऑनलाइन पाहणीत दहापैकी जवळजवळ नऊ जणींनी लैंगिक हिंसा सोसल्याचं निघालं. पाहणीत स्वतःहून आलेल्या स्त्रिया होत्या, तरी आकडा हादरवणाराच. ‘वर ये, कॉफी घेऊ’ म्हणजे कॉफी, असं धरून चालणारी मुलगी. समोरचा बोलतो तेच त्याच्या मनात आहे असं समजणारी. आणि पहिला नकार धरायचा नसतो ही ती पाहुणचाराची गोड रीत आठवते? थालीपिठाच्या बशीपाशी ती ठीक आहे. बंद खोलीत नाही.

ऑटिस्टिक मंडळींत प्रेमाच्या काही वेगळ्या रीती आहेत, आणि त्यांना नावंही आहेत. एक म्हणजे ‘पेबलिंग’. ॲडेली पेंग्विन घरट्यासाठी जोडीदाराला खडे आणून देतात, त्यावरून. जाता-येता सापडलेली लहानशी वस्तू, एखादं विचित्र पान, जुन्या रेल्वे तिकिटाचा फोटो, न बोलता समोर ठेवायचं. दुसरी रीत, एका खोलीत दोघांनी आपापल्या कामात तासन्‌तास बसायचं. गप्पा नाहीत, तरी सोबत पुरेपूर.

त्या कॅलेंडरचं काय झालं? धरून चालू की मुलानं गोंधळून का होईना, ‘शनिवार?’ म्हटलं. तिनं लिहून घेतलं. तीन महिन्यांनी, एका गुरुवारी रात्री, त्यांच्या फोनवर एवढंच:

‘दिवसभर मेसेज नाही. रागावलीस का?’
‘नाही. दमलेय. ऑफिसात आज ड्रिलिंग चालू होतं. रागावले की सांगेन, रागावलेय म्हणून.’
‘बरं.’

आणि दोन मिनिटांनी तिच्याकडून एक फोटो: बसस्टॉपवर सापडलेला, अगदी गोल, करडा दगड.